अनेकांचे एकमत : पुरावा किती, जबाबदारी कोणाची?

एकच गोष्ट दहा जणांनी सांगितली म्हणजे ती दहा पटींनी खरी ठरते काय? हा प्रश्न जुना आहे. काझीपुढे, न्यायाधीशापुढे, गावच्या पंचांपुढे तो सतत उभा राहत आला आहे. आज मात्र तो आपल्या घरात येऊन बसला आहे, कारण आता सांगणाऱ्या दहांमध्ये माणसांबरोबर यंत्रेही आहेत. दुखण्यावरचे औषध, वारसा-वाटणीचा मसला, शेजारच्या गावात काल काय घडले, असे काहीही मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामला विचारले की उत्तर तत्काळ हजर होते. मन साशंक झाले तर दुसऱ्या प्रोग्रामला विचारले जाते, मग तिसऱ्याला. तिघांचे उत्तर जुळले की आपण निश्चिंत होतो. प्रिय वाचकहो, हा निश्चिंतपणा कितपत रास्त आहे, याचा विचार आपण येथे करू.

संगणकशास्त्र आता आणखी पुढे गेले आहे. अनेक प्रोग्राम परस्परांशी बोलून काम करतात. एक माहिती शोधतो, दुसरा ती पडताळतो, तिसरा निर्णय देतो. अशा प्रत्येक प्रोग्रामला त्या शास्त्रात ‘एजंट’ म्हणतात. तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या एजंटाशी त्याचा संबंध नाही. हे एजंट एकमेकांविषयी काय गृहीत धरतात, एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला केव्हा कळते आणि सर्व मिळून योग्य निष्कर्षाला पोहोचतात की नाही, हे तपासण्यासाठी तर्कशास्त्राच्या नव्या शाखा उभ्या राहिल्या आहेत.

मदरशात आम्ही ‘ईसागोजी’पासून मंतिक शिकतो. सुगरा, कुबरा आणि त्यांतून निघणारा नतीजा. त्या तर्कशास्त्रात विचार करणारे मन एकच असते. विधान खरे की खोटे, एवढेच तेथे पाहिले जाते; ते कोणाला ठाऊक आहे, हे विचारले जात नाही. फिनलंडचे तत्त्वज्ञ याक्को हिंटिक्का यांनी १९६२ साली ज्ञान आणि समजूत यांच्या तर्कशास्त्रावर ग्रंथ लिहिला. पुढे फेगिन, हॅल्पर्न, मोझेस आणि वार्डी या चौघांनी १९९५ मध्ये तो विचार अनेक संगणकांच्या समूहापर्यंत नेला. या शास्त्राने एक भेद स्पष्ट केला आहे. एखादी गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असणे निराळे. ती सर्वांना ठाऊक आहे हेही सर्वांना ठाऊक असणे निराळे. आणि कोणा एकालाही ठाऊक नसताना सर्वांचे तुकडे जोडल्यावर ती कळणे निराळे. या तिसऱ्या प्रकाराला विखुरलेले ज्ञान म्हणता येईल.

जमिनीची साक्ष

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील वाचकांना विखुरलेल्या ज्ञानाचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपासची जमीन वारंवार हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवसात अनेक धक्के बसले आणि त्यांतील मोठ्या धक्क्याची तीव्रता ४.१ होती. थंडीच्या रात्री कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर झोपली. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक यंत्रे बसवली.

एकच यंत्र का पुरत नाही? भूकंपाच्या दोन प्रकारच्या लहरी कमी-अधिक वेगाने येतात. त्या किती सेकंदांच्या अंतराने पोहोचल्या, यावरून केंद्र किती दूर आहे हे कळते. पण तेवढ्यावरून ते कोणत्या दिशेला आहे हे ठरत नाही. नकाशावर त्या यंत्राभोवती एक वर्तुळ काढता येते आणि केंद्र त्या वर्तुळावर कोठेही असू शकते. दुसऱ्या यंत्राचे दुसरे वर्तुळ, तिसऱ्याचे तिसरे. तिन्ही वर्तुळे जेथे मिळतात तेथे केंद्र. तिघांपैकी कोणालाही उत्तर ठाऊक नव्हते. तिघांनी मिळून ते दिले. तिघेही निरनिराळ्या जागी उभे होते आणि प्रत्येकाने केवळ स्वतःला जाणवलेले सांगितले, म्हणूनच हे शक्य झाले. तिन्ही यंत्रे एकाच खोलीत ठेवली असती तर तीन आकडे मिळाले असते, पण वर्तुळ एकच राहिले असते.

हीच कल्पना आता आपल्या खिशातील मोबाईलमध्ये आली आहे. गूगलने २०२३ मध्ये भारतातील अँड्रॉइड फोनांसाठी भूकंपाचा इशारा देणारी व्यवस्था सुरू केली. एक फोन हलला तर तो टेबलावरून पडला असेल. परंतु एका परिसरातील पुष्कळ फोन एकाच वेळी हलले तर जमीन हलली, असा निष्कर्ष यंत्रणा काढते. ही व्यवस्था बहुतांश वेळा बरोबर ठरली आहे. मात्र तिच्या कर्त्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोट्या इशाऱ्यांचे तीन प्रसंगही नोंदवले आहेत. दोन वेळा वादळी गडगडाटाने फोन हादरले होते. तिसऱ्या वेळी एकच संदेश एकदम असंख्य फोनांवर आला आणि त्या संदेशाच्या थरथरीलाच यंत्रणेने भूकंप मानले. एकही फोन खोटे बोलला नव्हता. प्रत्येक खरोखरच हलला होता. पण त्या सर्वांना हलवणारा हात एकच होता, आणि मोजणाऱ्याने त्यांना वेगवेगळे साक्षीदार मानले.

दोन थैल्यांचे कोडे

यंत्रांची ही चूक माणसांच्या समूहातही घडते, आणि ती घडण्यासाठी कोणी मूर्ख किंवा लबाड असण्याची गरज नाही. अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात हे दाखवून दिले आणि नव्या तर्कशास्त्रांनी त्याची काटेकोर मांडणी केली. कोडे असे आहे. दोन थैल्या आहेत. एकीत दोन पांढरे खडे आणि एक काळा. दुसरीत दोन काळे आणि एक पांढरा. त्यांपैकी एक थैली समोर ठेवली आहे, कोणती ते ठाऊक नाही. माणसे रांगेत येतात. प्रत्येक जण न पाहता एक खडा काढतो, स्वतःशी पाहतो, परत टाकतो, आणि थैली पांढऱ्यांची की काळ्यांची याविषयी आपले मत मोठ्याने सांगतो. खडा मात्र तो कोणाला दाखवत नाही.

पहिल्याला पांढरा मिळाला. तो म्हणाला, ‘पांढऱ्यांची’. दुसऱ्यालाही पांढरा मिळाला; तोही तेच म्हणाला. तिसऱ्याच्या हाती काळा खडा आला. तो विचार करतो, आधीच्या दोघांना पांढरे मिळाले असणार, माझा काळा एकच. तेव्हा पांढऱ्यांची असण्याचा संभव अधिक. तोही ‘पांढऱ्यांची’ म्हणतो. चौथा, पाचवा, पन्नासावा, सगळे याच मार्गाने जातात. मग शंभराव्या माणसापुढे नव्याण्णव जणांचे एकमत उभे असते, परंतु त्यामागे पुरावा असतो केवळ दोन खड्यांचा. थैली खरोखर काळ्यांची असेल तर पहिल्या दोघांच्याही हाती पांढरा येण्याचा संभव नवात एक आहे. आणि तसे झाले की संपूर्ण रांग चुकते. प्रत्येकाने योग्य तर्क केला, तरी समूह चुकला.

या कोड्यावर उपाय सोपा आहे. तिसऱ्याने मत सांगण्याबरोबर ‘माझ्या हाती काळा आला’ एवढे सांगितले असते तर पुढच्यांच्या पदरी नवी माहिती पडली असती. निष्कर्ष सांगितला गेला आणि पाहिलेले दडले, येथे रांग फसली.

गडचिंचले

आपल्याच जिल्ह्यात या प्रश्नाची किंमत तीन माणसांनी प्राण देऊन मोजली आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाच्या हातून मारले गेले. त्या दिवसांत मुले पळवणारे आणि चोर फिरत असल्याच्या अफवा परिसरात मोबाईलवरून पसरल्या होत्या. त्या तिघांचा कोणताही अपराध नव्हता. ते आपले धर्मबांधव नव्हते म्हणून त्यांच्या मृत्यूचे दुःख आपल्याला कमी असेल, तर आपण कुरआन नीट वाचलेला नाही. अन्यायाने एका जिवाची हत्या म्हणजे जणू अवघ्या मानवजातीची हत्या, हा आशय सूरह अल्-माइदामध्ये आला आहे आणि तेथे जिवाचा धर्म विचारलेला नाही.

कोणाचा गुन्हा किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. एका गावाला किंवा एका समाजाला कायमचा डाग लावणे हाही अन्यायच होईल. आपला प्रश्न अफवेचा आहे. ‘सगळे म्हणत आहेत’ या वाक्यामागे कितीसे खडे असतात? मूल पळवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस अशा अफवेच्या मुळाशी बहुधा सापडत नाही. सापडतो तो आणखी एक पुढे आलेला संदेश.

त्या घटनेनंतर काही दिवसांतच दुसरी अफवा उठली, की मारणारे मुसलमान होते. घटनेच्या चित्रफितीतील ‘ओय बस’ ही आरोळी कोणाला ‘शोएब’ अशी ऐकू आली आणि ते नाव देशभर फिरले. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यांत एकही मुस्लिम नसल्याचे सांगितले. ज्यांना ‘शोएब’ ऐकू आले, त्यांतील किती जणांनी प्रथम चित्रफीत ऐकली आणि नंतर नाव वाचले? आधी नाव वाचले की कानही तेच नाव ऐकतो.

या दुसऱ्या अफवेने आपण दुखावलो, हे खरे आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर धडा निम्माच राहील. आपल्या जमातींच्या, नातेवाईकांच्या, मोहल्ल्यांच्या गटांमध्ये दुसऱ्या समाजाविषयी जे येते आणि ज्याला आपण ‘सावध राहा’ असे जोडून पुढे पाठवतो, त्याची सनद आपण पाहतो काय?

मुहद्दिसांची कसोटी

सनद हा शब्द मुद्दाम वापरला. अनेकांच्या सांगण्याचे मोल कसे ठरवावे, या प्रश्नावर आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके परिश्रम घेतले आहेत. हाफिज इब्ने हजर अस्कलानी (मृत्यू १४४९) यांचे ‘नुख्बतुल फिक्र’ हे छोटेसे पुस्तक मदरशांत आजही शिकवले जाते. ज्या खबरीने निश्चित ज्ञान लाभते, तिला मुतवातिर म्हणतात. तिच्यासाठी केवळ संख्या पुरेशी मानलेली नाही. सांगणारे पुष्कळ असावेत. त्यांचे खोट्यावर एकमत होणे स्वभावतः अशक्य असावे. ही विपुलता प्रत्येक पिढीत, आरंभापासून अखेरपर्यंत असावी. आणि त्यांच्या सांगण्याचे मूळ इंद्रियांच्या अनुभवात असावे. ‘आम्ही पाहिले’, ‘आम्ही ऐकले’ असे ते म्हणू शकले पाहिजेत. ‘आम्हाला वाटले’ हे चालत नाही. थैलीच्या कोड्यातील तिसरा माणूस या शेवटच्या अटीवर अडतो. त्याने पाहिला काळा खडा आणि सांगितले पांढऱ्यांविषयी.

सर्व मार्ग एकाच माणसापाशी येऊन मिळतात काय, हेही मुहद्दिस तपासत. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नीयतविषयीची हदीस, जिच्यापासून सहीह बुखारीचा आरंभ होतो. ती यह्या बिन सईद अन्सारी यांच्यापासून पुढे फार मोठ्या संख्येने लोकांनी सांगितली. परंतु त्यांच्या मागे केवळ मुहम्मद बिन इब्राहीम तैमी, त्यांच्या मागे केवळ अल्कमा आणि त्यांच्या मागे केवळ ह. उमर (र.) आहेत. म्हणून पुढच्या गर्दीमुळे विद्वानांनी तिला मुतवातिर म्हटले नाही. आरंभीच्या तीन-चार कड्यांना एकच मोजले. तरीही ती सहीह आहे, कारण त्या प्रत्येक कडीची सचोटी आणि स्मरणशक्ती पारखलेली आहे. यात दुहेरी शिकवण आहे. शंभर आवाजांमागे डोळे एकाच माणसाचे असू शकतात. आणि तो एक माणूस विश्वासू असेल तर त्याचे एकट्याचे सांगणेही ग्राह्य ठरते.

शब्दांविषयीची त्यांची दक्षता तर आजच्या काळासाठीच होती असे वाटते. ‘मी ऐकले’ आणि ‘अमुकाकडून’ यांत ते फरक करत. मधला दुवा लपवण्याची ज्याची सवय उघड झाली, अशा मुदल्लिस रावीने नुसते ‘अमुकाकडून’ म्हटले तर ते स्वीकारत नसत. स्वतः ऐकल्याचे स्पष्ट सांग, असा आग्रह धरत. मोबाईलवर पुढे पाठवलेला संदेश म्हणजे असे निव्वळ ‘अमुकाकडून’ असते, आणि अनेकदा तो अमुकही ठाऊक नसतो.

यंत्रांची गर्दी

आता पुन्हा त्या तीन प्रोग्रामांकडे वळू. ते निरनिराळ्या कंपन्यांचे असतील, त्यांची नावे वेगळी असतील. परंतु ते शिकले आहेत ते मोठ्या प्रमाणात इंटरनेटवरील त्याच लिखाणातून. त्या लिखाणात एखाद्या मसल्याविषयी चुकीचे विधान वारंवार आले असेल, तर तिघेही ते सारख्याच आत्मविश्वासाने सांगू शकतात. मराठीतील इस्लामी लिखाण मुळात थोडे असल्याने हा धोका आपल्यासाठी अधिक आहे. एजंट परस्परांशी चर्चा करतात तेव्हा कधी एकाची चूक दुसरा दुरुस्त करतो, हे मान्य केले पाहिजे. तसे प्रयोग यशस्वी झाले आहेत. पण पहिल्याने ठामपणे दिलेले चुकीचे उत्तर बाकीच्यांनी उचलून धरणेही घडते, आणि मग एकमत रांगेतल्या माणसांसारखेच पोकळ असते. जो निष्कर्षाबरोबर आपला पुरावा दाखवतो त्याचे सांगणे तपासता येते; जो केवळ निष्कर्ष देतो त्याचे येत नाही. प्रोग्रामला विचारायचेच असेल तर कोणत्या ग्रंथात, कोणत्या प्रकरणात, हे विचारावे; तो ग्रंथ उघडून पाहावा किंवा आलिमाकडून पाहून घ्यावा. औषधाच्या बाबतीत डॉक्टरांना गाठावे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक गोष्टीची अशी छाननी करत बसलो तर जगायचे केव्हा? भूकंपाचा इशारा आला तर सनद विचारत घरात थांबायचे काय? नाही. पुरावा किती मागावा हे चुकीच्या किमतीवर अवलंबून असते. इशारा खोटा निघाला तर आपण अंगणातून घरात परत येतो. अनोळखी माणसाविषयीची अफवा खोटी निघाली तर गेलेला प्राण परत येत नाही. फिकहने ही तारतम्यबुद्धी चंद्रदर्शनाच्या नियमांत राखली आहे. हनफी मतानुसार आकाश ढगाळ असेल तर रमजानच्या आरंभासाठी एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते, परंतु रोजे संपवणाऱ्या ईदसाठी किमान दोघांची लागते. आकाश निरभ्र असेल तर मोठ्या समूहाचे दर्शन हवे. (शाफई मतात तपशील निराळा आहे.) निरभ्र आकाशाच्या नियमामागील विचार सूक्ष्म आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर समुद्रावरचे स्वच्छ क्षितिज शेकडो लोक न्याहाळत असताना एकालाच चंद्र दिसला, तर इतरांना न दिसणे हीही साक्षच ठरते. शेकडो वर्षांपूर्वीच्या फुकहांनी ‘इतरांना काय दिसले असते’ हा प्रश्न विचारात घेतला होता. अनेक एजंटांचे तर्कशास्त्र आज तोच विचारते.

हिसाब एकेकट्याचा

तर्कशास्त्र आपल्याला एवढे सांगू शकते की अनेकांचे एकमत केव्हा पुरावा ठरते. परंतु ते चुकले तर उत्तर कोणी द्यायचे, हे ते सांगत नाही. तेथून पुढचा प्रश्न ईमानाचा आहे. जमावातील प्रत्येकाला वाटते की मी केवळ एक होतो. संदेश पुढे पाठवणाऱ्याला वाटते की मी लिहिला नव्हता. निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या वाटेल की यंत्रांनी तसे सुचवले होते. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत ज्ञान नसलेल्या गोष्टीमागे लागण्यास मनाई आहे, आणि कान, डोळा व हृदय या प्रत्येकाची विचारणा होईल असे बजावले आहे. कान माझा, डोळा माझा. आखिरतमध्ये गटाचा हिसाब गटप्रमुखाकडे मागितला जाणार नाही. आणि प्रोग्रामला तर हिसाबच नाही, म्हणून आपले ओझे त्याच्या शिरावर ठेवता येत नाही.

ह. आयेशा (र.) यांच्यावरील बालंटाचा प्रसंग आठवा. ते रचणारे मुनाफिक थोडे होते; ते ऐकून पुढे सांगणाऱ्यांत ईमान असलेली माणसेही होती. सूरह अन्-नूरमध्ये त्यांनाही समज दिली गेली. ऐकताक्षणी तुम्ही का म्हटले नाही की हे बोलणे आपल्याला शोभत नाही, असा तेथे जाब आहे. केवळ पुढे न सांगणे पुरेसे मानलेले नाही; शंका मोठ्याने बोलून दाखवण्याची अपेक्षा आहे. रांगेतल्या एकाने जरी ‘माझ्या हाती काळा खडा आला’ असे म्हटले तर रांग थबकते. गटातील एकाने ‘हे कोणी पाहिले? मला तर ठाऊक नाही’ असे लिहिले, तर गप्प असलेल्या दहा जणांना कळते की शंका आपल्या एकट्यालाच नव्हती. आपले मौन इतरांच्या हिशेबात होकार म्हणून धरले जाते, हे विसरू नये.

म्हणून या महिन्यात घरातील सर्वांनी मिळून एक सवय लावून घ्यावी. मुलांनाही ती शिकवावी. कोणतीही बातमी सांगताना आरंभी सांगावे : मी पाहिले, मी अमुकाच्या तोंडून ऐकले, की मला नुसते पुढे आले. तिसऱ्या प्रकारची बातमी कोणा माणसाविरुद्ध किंवा समाजाविरुद्ध असेल तर ती आपल्यापाशीच थांबवावी, आणि जेथून आली तेथे नम्रपणे सनद विचारावी. सूरह अल्-हुजुरातमध्ये बातमी तपासून घेण्याची आज्ञा देताना कारणही सांगितले आहे : अजाणतेपणी कोणावर घाला घालून नंतर पस्तावण्याची वेळ येऊ नये.

अल्लाह आपल्या कानांना, डोळ्यांना आणि जिभांना अमानतदार बनवो, निरपराधांच्या रक्तापासून आपल्या भूमीचे रक्षण करो, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणण्याचे धैर्य आपणा सर्वांना देवो. आमीन.